तालोआच्या डब्यातली साखर

१

तालोआ देशाची सगळी इभ्रत एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात राहत असे. रविवारी सकाळी तो डबा उघडला, तेव्हा आत साखर निघाली.

साखर म्हणजे कॉफीबरोबर देतात तशा कागदी नळ्या. डब्याच्या मधोमध दोन नळ्या, शेजारी शेजारी. शिंपल्यांची माळ मात्र गायब.

"साने-सान," तालोआचे कप्तान तेवाका शांतपणे म्हणाले, "हे काय आहे?"

पंढरीनाथ साने यांना कोबेत येऊन तीस वर्षं झाली होती. कापडाची निर्यात करणाऱ्या एका पेढीत ते हिशेब बघत. 'साने-सान' हा जपानी मान ऐकून पहिल्या वर्षी त्यांना हसू यायचं, आता फक्त मान वळायची. सुट्टीच्या दिवशीही माणसांचा जमाखर्च मांडायची त्यांना खोड होती. उशिरा कोण येतं, आपली सोडून दुसऱ्याची छत्री कोण उचलतं, पोट भरलंय म्हणत तिसरी पुरी कोण घेतं, सगळं डोक्यात टिपलेलं. स्पर्धेच्या आयोजकांनी भांडाराची जबाबदारी अशाच माणसाच्या हाती द्यावी, यात नवल नव्हतं.

स्पर्धा चिमुकल्या देशांची होती. लाखाच्या आत लोकसंख्या असलेले सात देश. सातही एका ठिकाणी आणून बसवले असते तरी कोथरूड भरलं नसतं. उद्घाटनाच्या संचलनात देश पुढून निघून जायचा आणि बँडचं अर्धं कडवं उरायचं. तालोआचं पथक तर दोघांचंच. गोळाफेक करणारे तेवाका, जे प्रशिक्षकही होते आणि एरवी बेटावरचे पोस्टमास्तर; आणि आठशे मीटर धावणारी लिसी.

"दुपारी लिसीची अंतिम शर्यत आहे," तेवाका म्हणाले. "माळेशिवाय ती धावणार नाही."

"पण शर्यतीत माळ घालून कसं..."

"घालून नाही. धावपट्टीपर्यंत गळ्यात असते, मग मी हातात धरून उभा राहतो. आमच्याकडे धावते ती माळ, साने-सान. पोरगी नुसती तिच्याबरोबर जाते."

आयोजकांचे सचिव घामाघूम होऊन पोलिसांना फोन लावायला निघाले. साने आडवे आले.

"दुपारपर्यंत थांबा. वस्तू माझ्या ताब्यातून गेली आहे. मीच शोधतो."

बोलून गेले खरे. मग खाली वाकून पाहिलं, तर गणवेशांच्या कपाटाला लावलेल्या मोठ्या आरशासमोर, फरशीवर, नखाएवढा एक पांढरा कपचा पडला होता. शिंपल्याचा.

२

भांडाराच्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं. आकडा कुणाकुणाला ठाऊक? मदतनीस मोरी-सान, सेंदाईहून आठवड्यापुरती आलेली संशोधक चित्रा, आणि तोक्योच्या हिगाशी-कसाईहून आलेला अंबरीष, मूळचा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, इथे स्वयंसेवक. राधिकालाही माहीत होता म्हणा. सान्यांची मुलगी तालोआची दुभाषी होती, आणि रोज दुपारी घरून सगळ्यांचे डबे तीच आणायची. पण संशयित मोजताना साने म्हणाले, "तीन."

काल दुपारी लिसी पात्र ठरल्यावर डबा फडताळात परत आला होता. त्यानंतर काय काय घडलं, हे विचारायला त्यांनी एकेकाला आत बोलावलं.

मोरी-सान साठीच्या. आल्या त्याच मान खाली घालून.

"माझाच अपराध आहे. काल मी भांडार सोडून गेले होते."

"कुठे?"

"कचऱ्याकडे." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "पाहुण्यांनी प्लास्टिकच्या बाटल्या जळाऊ कचऱ्यात टाकल्या होत्या. मला बघवेना. सगळं काढून पुन्हा वेगळं केलं. बराच वेळ लागला."

सान्यांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत ठेवलं. जाताना मोरी-साननी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून दोन्ही हातांनी पुढे केला. "काल वहिनींनी चिवडा पाठवला होता. फार छान." आत सुबक कागदात गुंडाळलेली एक काड्यापेटी होती. "आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत. जुनी पद्धत. हल्लीच्या मुलांना माहीत नसते."

चित्रा आली ती रडवेली होऊन.

"काका, खरं सांगते, मी काल इथे झोपले होते. मागच्या गाद्यांवर. सकाळपासून खेळाडूंचे स्नायू मोजत होते, डोळा कधी लागला कळलंच नाही."

"माळ?"

"माळेला हात नाही लावला. शप्पत! पण झोपेत काहीतरी सांडल्यासारखा आवाज आला होता. खळ्‌कन. मला वाटलं स्वप्न." तिनं नाक पुसलं. "काकू माझ्यावर रागावल्यात का हो? त्यांचे तीन डबे माझ्याकडेच पडलेत. देते देते म्हणते आणि राहतं."

"डब्यांचं नंतर बघू. आवाज आला तेव्हा कोण होतं?"

"उठून बघितलंच नाही ना. म्हणून तर वाटतंय, माझ्यामुळेच गेली."

साने मनात म्हणाले, दोन माणसं तपासली आणि दोघांनी गुन्हा कबूल केला. फक्त मला हवा तो नाही.

तिसरा अंबरीष. तो आला, आणि सवयीनं आधी कोपऱ्यातल्या कॉफीच्या मशीनकडे वळला. कप भरला. मग साखर घालायला जाकिटाच्या खिशात हात घातला, तर तिथून कागदी नळ्या बाहेर आल्या. एक नाही, मूठभर.

३

"हे काय?" सान्यांनी विचारलं.

"साखर, काका. कोंबिनीच्या दुकानात कॉफी घेतली की जास्तीच्या उचलतो. वाईट सवय आहे, बायकोही ओरडते."

"काल दुपारी कुठे होतास? तुझी पाळी होती इथे."

अंबरीषच्या हातातला कप वाटेतच थांबला. "बाहेर गेलो होतो."

"कुठे?"

"ते नाही सांगता येणार."

दार उघडंच होतं. बाहेर मोरी-सान उभ्या, चित्रा उभी, सचिव तर कान टवकारून उभे. ही वेळ दार लावून घ्यायची होती. सान्यांनी लावलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून काढणाऱ्या माणसाला आपण चूक शोधली हे चार लोकांनी बघावं असं वाटतंच.

"तालोआच्या डब्यात याच साखरेच्या नळ्या आहेत," ते मोठ्यानं म्हणाले, आणि मग सचिवांना कळावं म्हणून तेच जपानीत म्हणाले. "तुझी पाळी, तुझी साखर, आणि कुठे होतास ते सांगत नाहीस. मी काय समजू, अंबरीष?"

"तुम्हाला काय समजायचं ते समजा." त्याचे कान लाल झाले होते. "काका, तुमच्या घरी जेवलोय मी."

"म्हणून तर जास्त वाईट वाटतंय."

सचिवांनी गळ्यातलं ओळखपत्र मागितलं. अंबरीषनं ते काढलं, आणि इथल्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी, किंचित वाकून दिलं. ते वाकणं सान्यांना उगाचच टोचलं.

तो गेला. माळ मात्र त्याच्या बॅगेत निघाली नाही, खिशात निघाली नाही, कुठेच निघाली नाही.

४

दुपारचे डबे घेऊन त्या दिवशी सुप्रभाबाई स्वतः आल्या. हातात दोन मोठ्या पिशव्या, कपाळावर आठ्या.

"राधिकेनं आज टांग दिली. सकाळी उठून बघते तर पलंग रिकामा. मग मेसेज, तोही जपानीत. कितानोला काम आहे म्हणे." त्यांनी फडताळावरचे धुतलेले डबे उचलले. "हा कुणाचा? अंबरीषचाच असणार. आरशासारखा घासलाय बघा. पोरगा स्वच्छ आहे हो. पण पाचव्यांदा रिकामा! याच्या आईनं काही शिकवलं नाही की काय?"

"त्याचं नाव नको काढूस," साने म्हणाले, आणि सकाळची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. सांगताना आपलंच बोलणं त्यांना सकाळपेक्षा पोकळ वाटत होतं.

सुप्रभाबाई ऐकता ऐकता पिशवी उपसत होत्या. मोरी-साननी परवा पर्सिमॉनची फळं पाठवली होती तो चौकोनी डबा त्यांनी बाहेर काढला, झाकण उघडलं आणि चुकचुकल्या. "बघा, घाईत तसाच आणला." त्या कोपऱ्यातल्या कॉफीच्या मशीनकडे गेल्या. तिथल्या पेल्यातून साखरेच्या दोन नळ्या उचलल्या. डब्यात मधोमध, शेजारी शेजारी ठेवल्या. झाकण लावलं.

साने खुर्चीतून उठले.

"हे काय केलंस?"

"काय केलं? मोरीबाईंचा डबा रिकामा कसा देऊ?"

"साखर का?"

"दुसरं काय आहे इथे? चिमूटभर साखर घातली की झालं. असं काय बघताय माझ्याकडे?"

चोरानं कॉफी पिता पिता साखर विसरली नव्हती. काही खूण सोडली नव्हती, कुणाला चिडवलंही नव्हतं. चोराला डबा रिकामा ठेववला नव्हता, एवढंच!

आणि मग त्यांच्या डोक्यातला सगळा हिशेब उलटा फिरला. अंबरीष? पाच वेळा डबा रिकामा देऊन ज्याला काही वाटलं नाही, तो माळ काढलेल्या डब्यात साखर कशाला घालील? चित्रा? तिनं माळेबरोबर डबाही नेला असता, आणि देते देते म्हणत सेंदाईला पोचली असती. मोरी-सान? त्या रिकामं देत नाहीत हे खरं, पण कागदाची घडी घातल्याशिवाय त्या काडीही देणार नाहीत. उघडी नळी त्यांच्या हातून ठेवली जाणं शक्य नाही.

रिकामा डबा देऊ नये, काही नसलं तर साखर घालावी. हे एकाच घरचं शिक्षण होतं.

"सुप्रभा," त्यांनी हळूच विचारलं, "काल दुपारी तू इथे आली होतीस?"

"मी? मी काल घराबाहेर पडले नाही."

"मग काल डबे कुणी आणले?"

सुप्रभाबाईंनी हातातला डबा खाली ठेवला.

५

पोर्टलायनरची गाडी समुद्रावरून सान्नोमिया स्टेशनकडे धावत होती, आणि साने दाराशी उभे राहून आपली चूक तपासत होते. आकडा ठाऊक असलेली माणसं चार होती. त्यांनी तीन धरली. पेढीत कुणा कारकुनानं असं केलं असतं तर त्याला उभं केलं असतं.

बाकीचं सरळ होतं. कपचा आरशासमोर पडला होता. चोर आरशात बघत बसत नाही. माळ कुणीतरी गळ्यात घालून बघितली होती, ती तुटली होती, आणि चित्राच्या झोपेत तेच खळ्‌कन वाजलं होतं. तुटलेली माळ घेऊन कोबेतली मुलगी कुठे जाईल? कितानोच्या चढावर मोती ओवणाऱ्या बायकांची दुकानं आहेत. त्यातलं एक राधिका लहानपणापासून ओळखत होती. सुप्रभाबाईंचा तन्मणी दर दोन-तीन वर्षांनी तिथेच ओवायला जायचा, आणि आईचं बोट धरून ही जायची.

दुकान एवढंसं होतं. चष्मा नाकावर घेतलेली म्हातारी दिव्याखाली शेवटची गाठ मारत होती. तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर राधिका. बावीस वर्षांची पोर, पण गुडघे जवळ घेऊन बसली होती पाच वर्षांची असल्यासारखी.

"ओतोसान," बापाला अशी जपानीत हाक मारून ती एकदम रडायला लागली.

जे काही सांगितलं ते जपानीत सांगितलं. डबे ठेवायला ती आत गेली. भांडारात कुणी दिसलं नाही. लिसीनं आदल्या दिवशी सांगितलं होतं की माळेतला एकेक शिंपला बेटावरच्या एकेका गावाचा आहे, सगळे मिळून अकरा. देश एवढासा असला की गळ्यात घालता येतो, असं लिसी हसून म्हणाली होती.

"मला फक्त बघायचं होतं," राधिका म्हणाली. इथे ती मराठीवर आली, अडखळत. "म्हणजे, कसं वाटतं ते. मी इथे जन्मले, तरी इथली नाही. पुण्यात गेलं की सगळे म्हणतात जपानची आली. मला कुठलाच देश नाही ना, बाबा. म्हणून घातली. काढताना केसात अडकली आणि..."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला?" तिनं डोळे पुसले. "तुम्ही म्हणता, ताब्यातली वस्तू म्हणजे आपली अब्रू. तुमच्या ताब्यातली होती. मला वाटलं, रात्रीत ओवून होईल, सकाळी कुणाला कळायच्या आत ठेवीन. पण आजी म्हणाल्या, प्रत्येक शिंपल्यामागे गाठ मारायची तर वेळ लागेल. आणि एकाचा कपचा हरवलाय."

सान्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तो पांढरा कपचा म्हातारीच्या पुढ्यात ठेवला. ती काही न विचारता गोंद शोधू लागली.

"आणि साखर?" त्यांनी विचारलं.

"कसली साखर?"

"डब्यात ठेवलीस ती."

राधिका गोंधळली. आठवून बघावं लागलं तिला. "हां, ती. असंच. आता रिकामा डबा कसा ठेवणार?"

ही मुलगी आमचं काही उचलत नाही, असं साने गेली कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते. पुराव्यावर बोट ठेवायला ते डोंगर चढून आले होते, आणि आता ते बोट कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"त्या साखरेपायी," ते शेवटी म्हणाले, "मी आज सकाळी अंबरीषला चोर ठरवलं. चारचौघांत."

राधिकेचं रडणं थांबलं. "अंबरीषदादाला? पण तो तर काल ओसाकाला होता! मुलाखतीला. त्याचं काँट्रॅक्ट संपतंय, बाबा. कुणाला बोलू नको म्हणाला होता, घरीसुद्धा माहीत नाहीये अजून."

म्हातारीनं दिवा मालवला आणि माळ कागदात ठेवली.

६

माळ वेळेवर पोचली. राधिकेनं ती स्वतः तेवाकांच्या हातात दिली, कमरेत पूर्ण वाकली, आणि काय झालं ते सगळं इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता. साने तिच्यामागे उभे होते. मुलीच्या जागी आपण बोलावं असं त्यांना दोनदा वाटलं, दोनदा गिळलं.

तेवाकांनी माळ उजेडात धरली. नव्या पांढऱ्या गाठींवरून बोट फिरवलं.

"ती तुटतच असते," ते म्हणाले. "माझ्या बहिणीनं एकदा तोडली, लग्नात. एकदा तर बकरीनं. आता म्हणता येईल, एकदा कोबेला तुटली." मग त्यांनी डबा उघडला. नळ्या अजून आतच होत्या. त्यातली एक त्यांनी फोडून साखर सरळ तोंडात टाकली. दुसरी राधिकेला दिली. "मला एक पुरे. पण त्या मुलाचं काय, साने-सान? ज्याचं कार्ड काढून घेतलं तो."

"त्याच्याकडेच जातोय."

"शर्यत बघून जा."

"नाही. आधी जातो."

त्यामुळे लिसीची शर्यत सान्यांनी पाहिली नाही. सहावी आली, असं नंतर कळलं. आठशे मीटरमध्ये तालोआची आजवरची सर्वांत चांगली वेळ. आजवर या अंतरावर तालोआचं दुसरं कुणी धावलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सचिवांना खरं सांगून साने ओळखपत्र परत घेऊन आले. अंबरीष शिन-कोबे स्टेशनच्या फलाटावर बॅग घेऊन बसला होता. सान्यांनी ओळखपत्र दोन्ही हातांनी पुढे केलं. वाकले. मराठी माणसानं मराठी माणसापुढे असं वाकणं दोघांनाही चमत्कारिक वाटलं.

"चुकलो," साने म्हणाले. "माझ्याच घरातलं होतं ते. मी घर सोडून सगळीकडे शोधत होतो."

"राधिकेचा फोन आला होता मघाशी." अंबरीषनं कार्ड घेतलं, बघितलं, खिशात टाकलं. त्या खिशात साखरेच्या नळ्या खसखसल्या. "काका, सकाळी तुम्ही दार लावलं असतं तरी चाललं असतं."

"हो."

"आतमध्ये विचारलं असतंत, तर सांगितलंही असतं कदाचित."

"हो," साने पुन्हा म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. सुप्रभाबाईंनी धावतपळत भरून दिला होता. पुरणपोळ्या, वर तूप. "गाडीत खा. बायकोला, मुलांना ने. काकूनं पाठवलाय."

अंबरीष तो घेईल की नाही, याचा अंदाज सान्यांना येईना. मग गाडी आली, आणि घाईघाईत त्यानं तो घेतला. "थँक यू" तो डब्याला म्हणाला की सान्यांना, तेही कळलं नाही.

पुढच्या शनिवारी कुरिअर आलं. खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तोच डबा. राधिकेनं वर्तमानपत्र सोडलं. सुप्रभाबाई ओट्यापासून दोन पावलं पुढे आल्या. सान्यांनी झाकण काढलं.

डबा आरशासारखा घासलेला होता. आत काही नव्हतं.

"पोळ्या आवडल्या वाटतं," सुप्रभाबाई म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची तक्रार नव्हती.

"तो नेहमी रिकामाच देतो ना," राधिका म्हणाली. "हो ना, बाबा? नेहमीच देतो. सवय आहे त्याची."

सान्यांनी डब्याच्या कडा चाचपल्या, झाकणाची आतली बाजू बघितली, वर्तमानपत्र पुन्हा उलगडून झटकलं. मग डबा जमिनीवर ठेवला आणि त्यात वाकून पाहिलं. तळाशी त्यांचाच चेहरा दिसत होता. डबा सवयीनं रिकामा आला होता की रागानं, हे सांगणारा दुसरा कुठलाही पुरावा त्यांच्यापाशी नव्हता.